उजवीकडचा खिळा

माझ्या फोनमधल्या नकाशावर बाबा अजून घरीच आहेत. स्मृती नगरातली आमची गल्ली, आमच्या घराचा चौकोन, त्यावर निळा ठिपका आणि ठिपक्यात बाबांचा हसरा फोटो. खाली लिहिलेलं असतं, ‘घरी’. बाबांना जाऊन दोन वर्षं होत आली. त्यांचा फोन बंद पडला असता तर ठिपकाही कधीच विझला असता. पण आई तो फोन दर दोन दिवसांनी चार्जिंगला लावते. का लावते, हे मी तिला परवापर्यंत विचारलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला तिच्या उत्तराची भीती वाटत होती.

हे सगळं कळायला आधी आमच्या फळीबद्दल सांगायला हवं.

बाबा भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये मेंटेनन्सला होते. माणूस वाकून चालू शकेल एवढ्या जाड गॅसच्या पाइपांमध्ये आणि टाक्यांमध्ये उतरायचं त्यांचं काम. उतरण्याआधी प्रत्येकानं पाइपाच्या तोंडाशी लावलेल्या फळीवर आपलं पितळी टोकन टांगायचं, आणि बाहेर आलं की आपल्याच हातानं काढून घ्यायचं. फळीवर एक जरी टोकन असलं तरी कुणी गॅस सोडायच्या व्हॉल्व्हला हात लावत नसे. दुसऱ्याचं टोकन तर साहेबसुद्धा काढत नसे. आत माणूस आहे हे बाहेरच्याला कळण्याची एवढीच सोय, आणि तिच्यावर बाबांनी पस्तीस वर्षं आपला जीव सोपवला होता.

आम्ही प्लांटच्या सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये राहायचो तेव्हा त्यांनी घरातही तशीच फळी केली. पाटाएवढी लाकडी फळी, वर दोन शब्द, डावीकडे ‘आत’ आणि उजवीकडे ‘बाहेर’. खाली तीन-तीन खिळे. टोकनं त्यांनी आईच्या गळक्या पितळी पातेल्याचं बूड कापून केली. पातेलं दुरुस्त होण्यासारखं होतं, हे आई पुढची वीस वर्षं पाहुण्यांना सांगत होती. टोकनांवर खिळ्यानं ठोकून आकडे काढले होते. एक बाबा, दोन आई, तीन मी. घरातून निघताना आपलं टोकन उजवीकडे, आल्यावर डावीकडे. ज्याचं त्यानंच हलवायचं.

बाबांच्या शिफ्ट बदलत्या असत. शाळेतून आल्यावर मी आधी फळी बघायची. ‘एक’ डावीकडे असला तर बाबा रात्रपाळी करून झोपलेले, म्हणजे बूट दाराबाहेर काढायचे आणि आईशी कुजबुजत बोलायचं. उजवीकडे असला तर रान मोकळं. फोन नव्हता, चिठ्ठी नव्हती, तरी आमच्या घरात ‘कुठं गेले?’ हा प्रश्न कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

एकदा बाबा घाईत टोकन न हलवता बाजारात गेले. मी नऊ वर्षांची असेन. शहाणपणा करून मी त्यांचं टोकन उजवीकडे टांगलं. आल्यावर त्यांनी फळी पाहिली आणि मला समोर बसवलं. रागावले नाहीत. त्यांचा राग मला परवडला असता.

“हे तू हलवलं?”

“हो. तुम्ही विसरले होते.”

“मी विसरलो तर मी शिव्या खाईन. तू कावून हलवलं? उद्या मी आत असलो अन् कोणी असंच चांगल्या मनानं माह्यं टोकन काढलं, तर?”

त्यांनी टोकन माझ्या हातात न देता स्वतः काढलं, बाहेर जाऊन फाटकाला हात लावून परत आले आणि ते डावीकडे टांगलं. आई म्हणाली, “झाली का ड्यूटी?” बाबा हसले. मला मात्र त्या दिवसापासून त्या टोकनाला हात लावायची भीतीच बसली.

मोठी झाले, शिकले, आणि जवळच्या रसमड्याच्या एका कारखान्यात तपासणीच्या लॅबमध्ये लागले. बाबा रिटायर झाले, क्वार्टर सुटलं, स्मृती नगरात घर झालं. फळी तिथंही आली आणि दाराच्या बाजूला दोन जाड खिळ्यांवर बसली. मी लग्न केलं नाही, त्याऐवजी घरात वस्तू आणल्या. असं आई म्हणायची, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. पाणी भरलं की गाणं म्हणणारा फिल्टर आणला. रिमोटचा कूलर आणला. त्याच्यावर बटणं नव्हतीच, त्यामुळे रिमोट सोफ्यात हरवला की ऐन मे महिन्यात आम्ही तिघं सोफा उलटा करून घाम पुसत बसायचो. बाबांनी त्यांचा लोखंडी कूलर मागच्या खोलीत ठेवला होता. त्याला एक खटका होता आणि तो पटकन लागायचा. रिमोट सापडेपर्यंत आम्ही त्याच्यासमोर जाऊन बसायचो आणि बाबा काहीही बोलायचे नाहीत. ते न बोलणं मला फार झोंबायचं.

मग बाबा विसरायला लागले. आधी चष्मा, मग जेवण झालं की नाही, मग शेजाऱ्यांची नावं. एकदा मला माझी आत्या समजून माझ्याकडे तिच्या तब्येतीची चौकशी केली. पण टोकन कधी विसरले नाहीत. दुधाला निघाले की फाटकातून परत यायचे, ‘एक’ उजवीकडे टांगायचे आणि मग जायचे. डोक्यातून जे निसटत होतं ते हातात पक्कं होतं.

एका सकाळी ते बाजारातून घरी यायच्याऐवजी थेट आमच्या जुन्या क्वार्टरवर जाऊन पोहोचले. तिथं आता राहणाऱ्या माणसांनी त्यांना बसवलं, चहा दिला आणि खिशातल्या कागदावरचा नंबर पाहून फोन केला. पण त्याच्या आधीच मी शोधायला निघाले होते, कारण आईनं फळी पाहून मला कळवलं होतं, “तुह्ये बाबा बाहेर आहेत, अन् दुधाले इतका वेळ लागत नाही.”

म्हणजे फळीनं आपलं काम चोख केलं होतं. आणि मी त्यावरून काय ठरवलं? तर फळी आता पुरत नाही. मी बाबांना नवा फोन घेतला आणि त्यांचा ठिकाणा माझ्या फोनमध्ये दिसेल अशी सोय केली. ठिपका पहिल्यांदा उमटला तेव्हा मला इतका आनंद झाला की मी तो बाबांना दाखवायला गेले.

बाबांनी ठिपक्यावर बोट टेकवलं. “हे मी?”

“हो. तुम्ही कुठंही गेले तरी मले दिसन.”

“फोन कुठं आहे ते दिसन,” बाबा म्हणाले. “माणूस कुठं आहे ते कसं दिसन?”

“एकच आहे न, बाबा.”

तेव्हा त्यांना दिवसभरात भेटणारी अर्धी माणसं ओळखू येत नव्हती आणि माझी लॅब कारखान्यात सगळ्यात नेटकी समजली जायची. दोघांपैकी बरोबर कोण असणार याबद्दल मला शंकाच आली नाही.

दिवाळीआधी घराला रंग दिला. जुनं दार कुजलं होतं म्हणून नवं बसवलं, आकडे दाबून उघडणाऱ्या कुलपाचं. नवं दार उलट्या बाजूला उघडायचं, आणि पूर्ण उघडलं की फळीच्या भिंतीला जाऊन टेकायचं. फळी आड येत होती. मीच ती काढली आणि माळ्यावर टाकली. तिचे दोन जाड खिळे काही निघेनात. पेंटर जोर लावू लागला तसं प्लास्टर सुटायला लागलं. मग त्यानं त्यांच्यावरूनच रंग मारला. टोकनं मी स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये ठेवली. दोन-चार दिवसांनी बघितलं तर त्यातलं ‘एक’ नव्हतं. ते बाबांच्या शर्टाच्या खिशात होतं. मी काढून घ्यायला गेले तर आई म्हणाली, “राहू दे. तुले काय टोचून राहिलं ते?”

पुढचा मे महिना. दुपारी तीनच्या पुढे आईचा फोन आला. मी लॅबमध्ये नमुने मोजत होते.

“बाबा दिसून नाही राहिले. मी दुपारची पडली होती जरा, उठून पाहते तं दार सताड उघडं.”

मी फोनवर नकाशा उघडला. ठिपका घरावर. “घरीच आहेत, आई. मी पाहून राहिली न. हवेसाठी उघडलं असन दार.”

“ह्या लूच्या झळांमध्ये हवेसाठी कोण दार उघडते?”

“गच्चीवर पाह्य. मागं पाह्य.”

दहा मिनिटांनी तिचा पुन्हा फोन. गच्चीवर नाहीत, मागे नाहीत, न्हाणीत नाहीत. मी पुन्हा नकाशा बघितला. ठिपका तसूभर हललेला नव्हता. माझ्यासमोर साहेब उभे होते, नमुना वाट बघत होता, आणि मी माझ्या आईला म्हणाले, “आई, तू चष्मा लावून पाह्य. घरीच आहेत ते.”

हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. मी ते किती सहज म्हटलं, तेही विसरणार नाही.

त्यानंतर अर्धा तास आईनं फोन केला नाही, कारण तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. आपल्या डोळ्यांपेक्षा माझ्या फोनला जास्त दिसतं असं तिला वाटलं. तिनं खरंच चष्मा लावला आणि तेच घर पुन्हा पहिल्यापासून शोधलं. पलंगाखाली वाकून पाहिलं. कपाट उघडून पाहिलं. नंतर हे तिनं मला सांगितलं तेव्हा मी उठून दुसऱ्या खोलीत गेले.

शेवटी मलाच राहवेना. मी बाबांच्या फोनवर फोन लावला. फोन आवाज बंद करून ठेवलेला होता. आईला नुसती घरघर ऐकू आली, बाबांच्या उशीखालून. तिनं तो उचलला. मला तिचा श्वास ऐकू येत होता. मी माझ्या स्क्रीनकडे बघत होते आणि त्यावर अजूनही लिहिलेलं होतं, ‘घरी’.

बाबा सापडले आमच्या जुन्या सेक्टरच्या बसथांब्यावर, जिथून ते प्लांटची बस धरायचे. पायांत जुने ड्यूटीचे बूट होते, लेस नीट बांधलेल्या. सिमेंटच्या बाकावर उन्हात बसल्या बसल्या कलंडले होते. दोन माणसांनी त्यांना सावलीत ओढलं होतं आणि तोंडावर पाणी मारत होते. रुग्णालयात डॉक्टरांनी विचारलं, उन्हात किती वेळ होते? मला सांगता आलं नाही. त्यांचा फोन उशीखाली किती वेळ होता ते मी मिनिटासकट सांगू शकले असते.

तिसऱ्या दिवशी ते गेले. मधल्या काळात शुद्धीवर आले नाहीत, आणि आम्ही दोघी रुग्णालयातच होतो.

त्यानंतर घरात एक आवाज सुरू झाला. माणसं भेटायला येत होती. मंडपवाल्याकडून आणलेली मोठी सतरंजी सकाळी बैठकीत पसरायची आणि संध्याकाळी गुंडाळून दाराच्या कोपऱ्यात उभी करायची, असं चाललं होतं. दिवसभर दार उघडं. कुणी आलं आणि दार पूर्ण ढकललं की भिंतीकडून बारीक ‘टण’ असा आवाज यायचा. पितळेचा. क्वार्टरमध्ये बाबा पहिल्या पाळीला निघायचे तेव्हा अंथरुणात मला जो ऐकू यायचा, तोच. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा हातातला पेला खाली ठेवला. कुलपाचा असेल, असं मनाला समजावलं. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा, मग दिवसातून चार-पाच वेळा. मला वाटलं, माझं डोकं फिरायला लागलंय. मी कुणाला काही बोलले नाही. पण दार वाजलं की माझी नजर बाबांच्या खोलीकडे जायची, आणि आता ते डबा घेऊन बाहेर येतील असं क्षणभर खरंच वाटायचं.

सहाव्या की सातव्या दिवशी दुपारी आम्ही दोघीच बसलो होतो. शेजारच्या काकू डबा घेऊन आल्या, दार ढकललं, आणि तो आवाज आला. आईनं मान वर केली. काकू आत गेल्यावर ती हळू म्हणाली, “तुलेबी ऐकू आलं न?”

“काय?”

“ड्यूटीवर निघाले ते.”

मी तिला जवळ घ्यायला हवं होतं. मी म्हणाले, “कुलपाचा आवाज आहे, आई.” तेव्हासुद्धा माझ्याकडे उत्तर तयार होतं.

तेरवीच्या दिवशी सतरंजी परत गेली, आणि इतके दिवस रात्री तिच्या गुंडाळीआड असणारी दारामागची भिंत मोकळी झाली. पाहुणे पांगले आणि बाबांचा मोठा फोटो लावायचा राहिला. नव्या रंगाच्या भिंतीला भोक पाडायला आई तयार नव्हती. मला त्या दोन खिळ्यांची आठवण झाली. फोटो काखेत धरून मी दार लोटून लावलं आणि भिंतीकडे वळले.

डावीकडचा खिळा रिकामा होता. उजवीकडच्या खिळ्यावर टोकन टांगलेलं होतं. ठिपक्याठिपक्यांनी ठोकलेला ‘एक’.

फळी नव्हती, ‘आत’ आणि ‘बाहेर’ हे शब्द नव्हते, खिळेसुद्धा रंगाखाली लपलेले होते. तरी ज्या माणसाला आपण कोणत्या वर्षात आहोत हे कळत नव्हतं, त्याला उजवा खिळा बरोबर सापडला होता. घरातून जाताना त्यांनी नेहमीसारखं कळवलं होतं. त्या नव्या कुलपावर त्यांचा भरवसा नव्हता, म्हणून दार ओढून न घेता भिंतीपर्यंत उघडं टाकून गेले, आणि दाराआड टोकन झाकलं गेलं. आई उठली तेव्हा दार उघडं होतं. ते लोटून लावलं असतं तर तिला दिसलं असतं. आणि फळी मी काढली नसती तर मला फोन करण्याआधीच तिला कळलं असतं. ती तेव्हाच रस्त्यावर धावली असती. बाबा कुठल्या थांब्यावर बसतात हे तिला पस्तीस वर्षं माहीत होतं.

आई माझ्या मागे येऊन उभी होती. तिनं टोकनाला हात लावला नाही. मीही नाही.

“सांगून गेले होते न,” ती म्हणाली.

मी तिथं जमिनीवर बसले आणि मोठ्यानं रडले, इतके दिवस न रडलेलं सगळं. आई माझ्याजवळ बसली नाही. ती फोटो उचलून आत घेऊन गेली. बरोबरच होतं तिचं.

फोटो आता देवघराच्या भिंतीवर आहे; तिथं शेवटी भोक पाडलंच. दारामागे मी वीट ठेवली, म्हणजे ते भिंतीला टेकत नाही आणि आवाजही येत नाही. ड्रॉवरमधली ‘दोन’ आणि ‘तीन’ आणून डाव्या खिळ्यावर टांगली. बाबांचं टोकन उजवीकडे आहे तसंच आहे. ते त्यांनीच काढायचं असतं. आई मंदिरात निघाली की तिचं तिकडे टांगते, मी कारखान्यात निघाले की माझं. घरात अजूनही फिल्टर गाणं म्हणतो, मी सगळं फेकून साधी राहणी वगैरे धरलेली नाही. पण आईबद्दल मला काही जाणून घ्यायचं असलं तर आता मी खिळा बघते किंवा तिला विचारते. नकाशा बघत नाही.

परवा सकाळी मात्र डबा भरताना नकाशा चुकून उघडला गेला. ठिपका घरावर. आई बाबांच्या फोनला चार्जर लावतच होती. मी विचारलं, “आई, हा फोन कावून चालू ठेवते?”

तिनं वळून बघितलं नाही. पिन नीट बसली का ते अंगठ्यानं दाबून पाहिलं.

“तूच म्हणली होती न, घरीच आहेत म्हणून,” ती म्हणाली. “राहू दे मंग.”

आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. डबा पिशवीत घातला, हेल्मेट उचललं. दाराशी आले, डावीकडून माझं टोकन काढलं आणि उजव्या खिळ्यावर, बाबांच्या टोकनावर टांगलं. पितळेवर पितळ वाजलं.

आतून आईनं विचारलं, “कोण निघालं?”

“मी आहे, आई,” मी म्हणाले. “मी निघाली.”